आठ नंबरची ओटी

[ऑपरेशन थिएटर, म्हणजेच ओटी. पेशंटच्या बोटाला क्लिप.]

ही क्लिप बोटातून दोन प्रकारचा प्रकाश आरपार सोडते. एक लाल, दुसरा अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज येतो. पण रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनला, तर साधी क्लिप चक्क फसते. त्यालाच ऑक्सिजन समजते आणि स्क्रीनवर आकडा ठणठणीत!

[जुनी प्रत. पानं उलटताना.]

ओटीत ही क्लिप रुळण्याआधीच, १९७७ साली, रॉबिन कुक यांची ‘कोमा’ ही कादंबरी आली. कुक डोळ्यांचे डॉक्टर. पहिलं पुस्तक फारसं चाललं नव्हतं, म्हणून ते खपाच्या कादंबऱ्या घेऊन बसले आणि वाचक पान का उलटतो, याचाच अभ्यास केला. पुढच्या वर्षी सिनेमाही निघाला. दिग्दर्शक मायकेल क्रायटन, तेही डॉक्टरकीच शिकलेले.

किरकोळ ऑपरेशनला आलेली धडधाकट माणसं भुलीतून जागीच होत नाहीत. सुसान व्हीलर नावाची वैद्यकीय विद्यार्थिनी त्याचा छडा लावते. रहस्य फोडतोय, पण पुस्तक जुनं आहे, चालवून घ्या: आठ नंबरच्या ओटीत ऑक्सिजनच्या लाइनला कार्बन मोनॉक्साइड जोडलेला असतो.

[भिंतीतला गॅसचा पॉइंट, जवळून.]

या वायूनं रक्त काळंनिळं पडत नाही, लालभडकच राहतं. सर्जनला शंका यावी कशी? इथे भुताखेतांची गरजच पडत नाही, भिंतीतली नळी पुरते. टेबलावर आपण आडवे, शुद्ध हरपलेली, आणि संमतीच्या कागदावर सही आपलीच.

[अवयव नेण्याची पेटी. धावपळ.]

पुढे गाडी घसरते. अवयवांचा म्हणे चोरून लिलाव! हृदय काढल्यावर हाताशी जेमतेम चार ते सहा तास. रक्तगट जुळायला हवा, ज्याला बसवायचं तो टेबलावर तयार हवा. दोन्हीकडे सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, लॅब. नंतर त्या पेशंटला जन्मभर गोळ्या आणि तपासण्या. इतक्या जणांनी तोंड शिवून बसायचं, आणि सूत्रधार कोण, तर वरच्या केबिनमधला मोठा डॉक्टर. या प्रकारच्या कादंबऱ्यांत नर्स बहुधा ट्रॉली ढकलत येते आणि जाते. बाकीची पात्रं पाठ्यपुस्तक वाचून दाखवल्यासारखी बोलतात.

[टॉर्च. डोळ्याची बाहुली.]

कोमातला माणूस जिवंत असतो, तो शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत्यू वेगळा, त्यातून परत येणं नाही. हार्वर्डच्या समितीनं त्याचे निकष १९६८ सालीच मांडले होते. डोळ्यात प्रकाश टाकला तरी बाहुली आकसत नाही. व्हेंटिलेटर काढून बघतात, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू देतात, तरी छाती हलत नाही. थ्रिलर वाचून या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि अवयवदानाच्या कागदावर सही करताना हात अडतो.

[नातेवाईक. निवेदन नाही.]