मावशीच्या पोटावरची सुपारी

नमस्कार मंडळी. आज बोलूया रोज एकदा घ्यायच्या इन्सुलिनबद्दल, ते सावकाश काम करणारं, साधारण चोवीस तास पुरणारं. ग्लार्जिन हे त्यातलं एक, अमेरिकेत 2000 साली त्याला मंजुरी मिळाली. कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण होतात आणि ते हळूहळू विरघळत रक्तात जातात, एवढं कळलं तरी पुष्कळ. जुनं दुधाळ इन्सुलिन हातावर घोळवून घ्यावं लागतं, हे पाण्यासारखं स्वच्छ असतं, याला घोळवायचं नाही आणि दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचंही नाही.

आता माझी मावशी. कोरेगावजवळ राहते, शुगर पंधरा वर्षांची. गोळ्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिनचं पेन, म्हणजे पेनासारखं दिसणारं इंजेक्शन, दिलं तेव्हा दोन दिवस जेवली नाही, इन्सुलिन लागलं म्हणजे आपलं संपलं असंच तिला वाटत होतं, आणि हे तिच्या डोक्यात घालणारे शेजारीपाजारीच. नंतर सवय झाली. रोज रात्री नऊला, बेंबीच्या डाव्या बाजूला, रोज तिथेच. का, तर तिथे दुखत नाही.

दुखत नाही, कारण तिथे गाठ झालेली! पण हे कुणाला माहीत? सकाळची उपाशीपोटी शुगर 220, 240. डोस 14 युनिटचा 18 झाला, 18 चा 26 झाला, तरी शुगर हटेना. सगळे म्हणायचे मावशी चोरून गोड खाते. ती बिचारी रडायची. शेवटी एका सिस्टरनं विचारलं, आजी, टोचता कुठे ते दाखवा बघू. पोटावर हात फिरवला तर सुपारीएवढी गाठ! एकाच जागी रोज टोचलं की अशी चरबीची गाठ धरते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही.

मावशी खुशीत घरी आली, त्याच रात्री उजव्या बाजूला टोचलं, पण डोस तोच, 26. पहाटे तीनला काकांना जाग आली तर ही घामानं निथळतेय, पदर भिजलेला, आणि म्हणतेय दुधाची किटली द्या, गवळी आलाय. काकांनी मशीन लावलं, शुगर उतरून 52! चांगल्या जागेतून इन्सुलिन नीट शोषलं गेलं, म्हणून तोच डोस आता जास्त झाला. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, 78. मग दूध-भाकरी. आणि हे इन्सुलिन लांब पल्ल्याचं, शुगर परत उतरू शकते, म्हणून काका उजाडेपर्यंत उशाशी बसून राहिले, तासातासाला बोट टोचत. सकाळी डॉक्टरांनी डोस कमी केला, 18 वर आणला.

म्हणून परत सांगते, जागा बदलायची, रोज बदलायची. आणि गाठ सोडून चांगल्या जागी टोचणार असाल तर आधी डॉक्टरांना डोस विचारायचा. आधी विचारायचं, मग टोचायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

जाता जाता एक बोलतेच, आपल्याकडे पंगतीत आग्रह करकरून जिलेबी वाढतात ना, ते आता बंद व्हायला पाहिजे. नको म्हणणाऱ्याच्या ताटावर हात आडवा असताना वरून टाकायची, हे प्रेम नाही, मला तर याचा फार राग येतो. आणि कारल्याचा रस सुरू केला म्हणून इन्सुलिन सोडणारे लोक बघितले की जीव घाबरतो हो.

बरं, पेनचं. न उघडलेलं फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, गोठलेलं टाकूनच द्यायचं. ग्लार्जिनचं उघडलेलं पेन साधारण 28 दिवस वापरायचं. बटण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढायची.

मावशीनं आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाखाली, रोजच्या तारखेला डा, उ, मां असं लिहायला सुरुवात केलीय. डावं, उजवं, मांडी. परवा गेले होते तेव्हा सकाळची शुगर 118 होती, आणि तो आकडा तिनं लाल पेनानं लिहिला होता.