अंगाची छागळ

श्रोतेहो, नमस्कार.

राजस्थानात जोधपूरकडून रेल्वेनं जैसलमेरला जाताना वाटेत फलोदी लागतं. १९ मे २०१६ रोजी तिथे पारा ५१ अंशांवर गेला होता. आणि हे सावलीतलं तापमान बरं का! उघड्या वाळूचा चटका त्याहून कितीतरी जास्त. त्या मुलखात मी काही उन्हाळे काढले आहेत.

तिथल्या जुन्या ट्रकना बाहेरून छागळ लटकवलेली असते. जाड कॅनव्हासची, पाण्यानं भरलेली पिशवी. कापडातून पाणी पाझरतं, गरम वाऱ्यानं ते सुकतं आणि सुकता सुकता आतली उष्णता घेऊन जातं. बाहेर लू, म्हणजे भाजणारा गरम वारा, वाहत असते, पण पिशवीतलं पाणी गार. आपलं अंगही असंच घामानं गार राहतं. पण वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, येताक्षणी उडून जातो. मुंबईसारखी चिकचिक नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले दिसतात, तेव्हा कळतं केवढं पाणी गेलं ते. उन्हात अंगमेहनत करणाऱ्याच्या अंगातून तासाला लीटरभर घाम सहज जातो.

म्हणून तहानेची वाट पाहू नका. उन्हात काम असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. घामावाटे मीठही जातं. मारवाडात यासाठी राब असते, बाजरीचं पीठ ताकात कालवून शिजवलेली. सकाळी वाटीभर राब पिऊन माणसं कामाला जातात. आपलं पन्हं, मीठ घातलेलं ताकही चांगलंच. अशक्तपणा वाटला तर लीटरभर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट घ्या. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारा. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नको, अंगावरच अधिक वेळा पाजा.

आपल्याकडे रोहिणी लागली की शेतकरी पावसाकडे डोळे लावतो. तिकडे त्याच नक्षत्राचे पहिले नऊ दिवस म्हणजे नौतपा. त्या दिवसांत जाणती माणसं पहाटे कामं उरकतात आणि दुपारी दार लोटून घेतात. बाहेर पडलीच तर डोक्याला साफा, अंगात सैल, लांब बाह्यांचं सुती. आपल्याकडचे पर्यटक मात्र भर दुपारी अर्ध्या चड्डीत वाळूवर उतरतात, आणि ते पाहून माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही, या समजावरही विसंबू नका. कांदा खा, खुशाल खा. पण खिशातला कांदा अंग गार करत नाही. कोरड्या उकाड्यात पंखाही नुसती गरम हवा फेकतो. आधी अंगावर ओला पंचा घ्या, मग पंखा लावा.

एक प्रसंग सांगते. ढाब्यावर एक ट्रकचालक उतरला, झोकांड्या खात, असंबद्ध बोलत. लोक म्हणाले, प्यायलाय. मी कपाळाला हात लावला, तर तव्यासारखं तापलेलं. ऊन लागल्यावर माणूस बरळू लागला, बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजा. तिथे क्षणाचाही उशीर नको. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत हात थांबवायचे नाहीत. त्याला सावलीत घेतलं, कपडे सैल केले, त्याच्याच ट्रकची छागळ काढून अंगावर रिकामी केली. पोरं माठातलं पाणी ओतत राहिली, दोघं पुठ्ठ्यांनी वारा घालत होते. बर्फ मिळाला तो कापडात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवला. तोंडात पाणी मात्र घालू दिलं नाही. शुद्ध हरपलेल्याच्या ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही नाही, ती या तापावर चालत नाही.

रुग्णवाहिका आली तेव्हा त्यानं डोळे उघडले होते. स्ट्रेचरवर घेताना स्वतःचं नाव विचारलं, ते नीट सांगितलं त्यानं.