फुलीच्या आधी काय घडतं?

(नागपुरातील बीएडच्या छात्राध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

सूक्ष्म पाठाचं, म्हणजे एकेका कौशल्यापुरत्या छोट्या पाठाचं, चक्र तुम्हाला तोंडपाठ आहे. सहा मिनिटं अध्यापन, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे पाठ कसा झाला ते सांगणं), बारा मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा आणि सहा. एकूण ३६ मिनिटं. प्रश्न विचारणं, फलकलेखन असली कौशल्यं घोटून घ्यायला ते चांगलंच. अडचण एवढीच, की समोरचा ‘विद्यार्थी’ तुमचाच वर्गसोबती असतो. त्याला उत्तर ठाऊक असतं, आणि चुकलाच तर तुमची सोय बघून चुकतो. पुढे सराव पाठाला थेट चाळीस-पन्नास मुलं समोर येतात. तिथे हात वर करणाऱ्या पाच-सहा जणांच्या जिवावर पाठ पार पडतो आणि वहीवर सही मिळते. मूल नेमकं कुठे अडतं, हे दोन्हीकडे दिसत नाही. म्हणून दोन वर्षांत मिळून जी २० आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेतली इंटर्नशिप, आहे, तिच्या सुरुवातीलाच प्रत्येकाने सहावी ते आठवीतल्या दोन किंवा तीन मुलांना सलग आठ आठवडे शिकवावं, असं मी सुचवतो.

त्यातून काय हाती लागतं ते एका वजाबाकीत बघा. ४०२ मधून १६७ वजा करायचे. एका मुलाने लिहिलं ३६५, दुसऱ्याने २४५. उत्तर २३५. वर्गात दोघांनाही फुली मिळते आणि दोघांनाही ‘पुन्हा सोडव’ म्हणून सांगितलं जातं. पण पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: सातातून दोन, सहातून शून्य, चारातून एक. वरच्या संख्येतून खालची वजा करायची, हेच त्याच्या मनात बसलेलं नाही. दुसऱ्याने शतक बरोबर सुटं केलं, त्याचे दहा दशक केले, त्यातला एक एककाला दिला. पण उरलेले नऊ लिहायला विसरून दहातूनच सहा वजा केले. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे आणि खेळातल्या नोटा हातात द्याव्या लागतील. दुसऱ्याला शून्यावर काट मारून वर ९ लिहायची सवय लावली की भागतं. दोघांना एकच उपाय केला तर एक जण कंटाळेल आणि दुसरा आहे तिथेच राहील.

सुरुवात निदानाने करा. दहा उदाहरणं, वीस मिनिटं, आणि खोडरबर दप्तरात ठेवायला सांगा. खोडलेल्या जागीच सगळा पुरावा असतो. उदाहरणं अशी निवडा की चूक बोलकी व्हावी: ६१२ भागिले ६ (१२ उत्तर आलं तर भागाकारातलं शून्य गळलं), ०.५ आणि ०.३५ यांत मोठा कोण, ३क + २ख. मग एकच चूक करणारी मुलं एकत्र बसवा. शाळा अनेकदा हुशार मुलं पुढे करते, नाहीतर वर्गाला जड झालेली. नम्रपणे सांगा, की निवड निदानावरून करू.

अपूर्णांक शिकवताना नागपूरकराला संत्र्याच्या फोडींचा मोह होतोच. करू नका. फोडी सारख्या नसतात आणि दर संत्र्यात त्यांची संख्या बदलते. अपूर्णांकाचा पायाच समान भागांचा. त्यापेक्षा ए-फोर कागदातून २४ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. एका कागदात सात निघतात. २४ ला २, ३, ४, ६, ८, १२ या सगळ्यांनी भाग जातो. मुलाने १/२ + १/३ = २/५ लिहिलं, तर त्याला पट्टीवर अर्धी म्हणजे १२ सेंटिमीटर आणि एक तृतीयांश म्हणजे ८ सेंटिमीटर मोजू द्या. झाले २०, म्हणजे ५/६. मग त्याचे २/५ मोजायला सांगा: ९.६ सेंटिमीटर. अर्ध्यात भर घातली आणि बेरीज अर्ध्याहून कमी! इथे तुम्ही गप्प बसायचं. हे त्याला स्वतःला खटकलं पाहिजे.

गप्प बसणं हेच नवशिक्याला जमत नाही. प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजा. मुलाच्या हातातली पेन्सिल ओढून घेऊ नका; तुमची वेगळी ठेवा, वेगळ्या कागदावर लिहा. ‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘हो सर’ याशिवाय उत्तर नसतं, तेव्हा ‘आता मला समजावून सांग’ म्हणा. मूल हिंदीत सांगू लागलं तर सांगू द्या. इथल्या कितीतरी घरांत आणि मैदानावर तीच भाषा चालते. सेमी-इंग्रजीच्या मुलासमोर ‘छेद’ आणि ‘डिनॉमिनेटर’ दोन्ही शब्द लिहून ठेवा.

तास चाळीस मिनिटांचा, आठवड्यातून दोनदा. पाच मिनिटं मागची उजळणी, पंधरा मिनिटं एकच मुद्दा, पंधरा मिनिटं मुलांनी स्वतः सोडवणं आणि शेवटी एक उदाहरण, मदतीविना. गृहपाठ पूर्ण करून देण्यात तास गेला की सगळं मुसळ केरात. घरून तशी मागणी येतेच.

वेळ मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा. शाळा सुटल्यावर ऑटो आणि व्हॅन थांबत नाहीत, म्हणून शालेय वेळेतलाच तास मागा, पण खेळाचा नको. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू केलं तर पोळा, तान्हा पोळा आणि मारबतीच्या सुट्ट्या-दांड्या धरूनही दिवाळीपूर्वी आठ आठवडे बसतात. पालकांची लेखी संमती घ्या. बसायचं व्हरांड्यात किंवा दार उघडं ठेवून. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, त्यांच्याशी फोनवर संपर्क ठेवायचा नाही. पैसे तर नाहीतच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खाजगी शिकवणीची मनाई करतं, ती शिस्त आत्तापासूनच पाळा. तुमच्या परीक्षेमुळे खंड पडणार असेल तर मुलांना आधी तारीख सांगा.

प्रत्येक मुलाच्या नावे नोंदवहीत चार रकाने ठेवा: तारीख, मुलाने काय लिहिलं ते जसंच्या तसं, तुमच्या मते का, पुढच्या वेळी काय. ‘गणितात कच्चा’ असला शेरा त्यात नको. आठव्या आठवड्यात पहिल्यासारखीच दहा उदाहरणं आकडे बदलून द्या, दोन्ही कागद एकत्र जोडा आणि वहीसकट वर्गशिक्षकांच्या हाती द्या. महाविद्यालयाच्या फाइलला झेरॉक्स पुरते.