वस्तादाचा दंड बघू नका, पोरं बघा

नमस्कार मंडळी. गुरुपौर्णिमा तोंडावर आली, म्हणजे आता आठवडाभर जिमवाल्यांच्या स्टेटसला एकच फोटो. दंड फुगवलेला कुणीतरी, शेजारी हात जोडून उभा असलेला आपला गडी आणि खाली 'माझे गुरू, माझे आदर्श'. त्याच जोडीला आमच्याकडं ठरलेला प्रश्न: "सर, नवीन ट्रेनर झालोय, कुणाला गुरू करू?" तासगाव, विटा, जत, कऱ्हाड, सगळीकडून. चला, एकदाचं बोलूनच टाकू.

सोपं ते आधी उरकतो. कोर्स करा, आणि ज्याचं सर्टिफिकेट मुदतीनं नवं करावं लागतं असाच करा. एसीई या अमेरिकन संस्थेचं ट्रेनर सर्टिफिकेट घ्या, दर दोन वर्षांनी वीस तासांचं शिक्षण दाखवल्याशिवाय ते नवं होत नाही. सीपीआरचं कार्ड चालू पाहिजे. ज्याला गुरू करणार त्याच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये सोनेरी शिक्का बघू नका, तारीख बघा. मुदत संपून चार वर्षं झाली असतील तर शिक्षण तिथंच थांबलंय. झालं, पुढं.

आदर्श आणि गुरू यांची लोक खिचडी करतात. आदर्श लांबचा चालतो. तो तुम्हाला ओळखतही नसला तरी बिघडत नाही. संकेत सरगर आपल्या सांगलीचा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य, आणि सुवर्ण गेलं फक्त एका किलोनं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी, २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर, रौप्य. भिंतीवर लावा यांचे फोटो, जरूर लावा. पण म्हणून त्यांचं वेळापत्रक मार्केट यार्डातल्या हमालाला किंवा बँकेतल्या क्लार्कला लावू नका. खेळाडूचा सगळा दिवस सरावाभोवती बांधलेला असतो. तुमचा क्लायंट रात्री अकराला जेवतो आणि सहाला जिममध्ये जांभया देत उभा राहतो.

गुरू कुठला हवा, हे खाशाबा जाधवांकडं बघितलं की कळतं. गोळेश्वरचा मातीतला पैलवान. १९४८ ला लंडनला सहावे आले. माती सोडून मॅट, वर आंतरराष्ट्रीय नियम, सगळंच नवं. तिथं त्यांना तयार करायला अमेरिकेचे रीस गार्डनर होते. पुढं १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. आता आधीच्या वस्तादांनी शिकवलेलं खोटं होतं का? अजिबात नाही. पण जे कमी पडत होतं ते मॅट जाणणाऱ्याकडंच मिळणार होतं. तसं तुमचं काय कमी पडतंय ते आधी वहीत लिहा. मोघम 'नॉलेज' असं लिहू नका. 'गुडघेदुखीवाला आला की मी नुसता सायकलवर बसवतो', असं लिहा. त्याला औषध आहे.

आता मुद्द्याचं. हे मी तीनदा सांगणार आहे, कारण एकदा सांगून कुणी ऐकत नाही. वस्तादाचा दंड बघू नका, पोरं बघा.

दंड का नको? त्यात आई-बापाकडून आलेली हाडं आहेत, पंधरा वर्षांचा खुराक आहे, आणि कधी कधी सुई आहे. मेफेनटरमाइनच्या बातम्या वाचता ना तुम्ही? ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब खाली गेला तर डॉक्टर देतात ते औषध. ते पोरं पंप मिळावा, म्हणजे व्यायाम करताना स्नायू फुगावेत, म्हणून टोचून घेतात. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, आणि दमल्याची जाणीव दबली की शरीरानं 'थांब' म्हटलेलं ऐकूच येत नाही. ज्याच्या बॅगेत हे दिसलं त्याचा दंड वीस इंची असो, आपण नमस्कार करून जिना उतरायचा. आणि "सर, सगळेच घेतात" अशी कमेंट करू नका. सगळे घेत नाहीत.

दुसऱ्या बाजूनं तेच. त्याचा क्लायंट दाखवा म्हणा. 'बिफोर-आफ्टर'चे फोटो नकोत. ते बारा आठवड्यांचे, उजेड बदललेले, पोट आत ओढलेले. तीन वर्षांपूर्वी आलेला माणूस आज कुठंय, ते विचारा. अजून येतो? पाठ धरली होती ती सुटली? दर सहा महिन्यांनी सगळी बॅच नवी होत असेल तर तिथं ॲडमिशन घ्यायला शिकायला मिळेल, ट्रेनिंग नव्हे.

तिसरी बाजू. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं कुठं आहेत? २०२३ ला बर्लिनला तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात सातारची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत पुरुषांत नागपूरचा ओजस देवतळे. दोघंही सातारच्या एकाच अकादमीत शिकलेले. त्यांच्या प्रशिक्षकांनी स्वतः किती पदकं मारली हे कुणी विचारलं का? गरजच पडली नाही. तुम्ही बघताय त्या जिममध्ये दहा वर्षांत चार असिस्टंट येऊन गेले आणि एकही या धंद्यात टिकला नसेल, तर पाचवा तुम्ही.

एवढं झालं की एक तास नुसतं बसून बघायची परवानगी मागा. सकाळी सहा ते आठ, कारण तेव्हा खरी गिऱ्हाइकं येतात. समजा पंचावन्नच्या एक मावशी आल्या, गुडघा दुखतो. चांगला ट्रेनर आधी खुर्ची आणतो. साधी खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटर उंच. तिच्यावर दोन उशा टाकून उंची वाढवतो आणि म्हणतो, "मावशी, हळू बसा, मी तीन आकडे मोजतो." उठल्यावर विचारतो, "दहापैकी किती दुखलं?" दोन-तीन म्हणाल्या तर चालू ठेवतो. पाच म्हणाल्या तर अजून एक उशी. व्यायाम तोच, खोली कमी. आणि वहीत लिहितो: उशा ३, आठ वेळा, दोन सेट, दुखणं ३. दुसऱ्या दिवशी पहिलं वाक्य, "रात्री सूज आली का?" पुढच्या महिन्यात उशा एकेक करून कमी होतात, मग हातात वजन येतं.

वाईट ट्रेनर दोन प्रकारचा. एक म्हणतो, "दुखलं तरच फायदा." दुसरा म्हणतो, "गुडघा आहे ना, मग बसायचं नाही कधी." दुसरा जास्त घातक, कारण तो काळजी करतोय असं वाटतं. मावशींना घरी संडासला बसायचंच आहे, एसटीची पायरी चढायचीच आहे. मांड्या तयार केल्या नाहीत तर सगळा भार कुणावर येणार?

त्या तासात अजून बघा: हात लावण्याआधी विचारतो का, एका वेळी एकच सूचना देतो की "छाती वर, गुडघे बाहेर, टाच खाली, श्वास सोड" असा पाढा म्हणतो, मोबाईल किती वेळा काढतो.

मग प्रश्न. नम्रपणे, शिकायला म्हणून. "सर, बीपीसाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या क्लायंटचा टार्गेट हार्ट रेट कसा काढायचा?" उत्तर "२२० वजा वय" आलं तर चहा पिऊन या परत. त्या गोळीनं ठोके मुळातच दाबलेले असतात, तो आकडा गाठायला गेलात तर माणूस आडवा होईल. तिथं दमणं मोजतात: बोलता येतंय का, वाक्य तुटतंय का. दुसरा प्रश्न, "इन्शुलिन घेणारा सकाळी रिकाम्या पोटी आला तर?" साखर तपासल्याशिवाय सुरू नाही, खिशात ग्लुकोज आणि मांडीत इंजेक्शन घेतलं असेल तर लगेच पायांचा व्यायाम नको, काम करणाऱ्या स्नायूजवळून इन्शुलिन लवकर रक्तात उतरतं. इतकं पाठ नसलं तरी एक वेळ चालेल. पण "हे मी डॉक्टरांना विचारतो" हे वाक्य त्याच्या तोंडून आलं पाहिजे. ज्याला ते म्हणता येत नाही तो तुम्हाला डाएट चार्टच्या नावाखाली मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला शिकवेल.

यावरून, गुरू ट्रेनरच पाहिजे असं कुठं लिहिलंय? सांगलीकरांनो, मिरज शेजारी आहे. दवाखान्यांचं गाव. एखाद्या फिजिओकडं महिन्यातून एक दुपार बसता आलं तर खांदा कधी आपला आणि कधी त्यांचा, हे जेवढं कळेल तेवढं जिममध्ये वर्षभरात कळणार नाही. हिशेबाचं, फीचं, बॅच लावण्याचं शिकायला वेगळा माणूस धरा. आणि मार्गदर्शनाच्या पहिल्या आठवड्यात जो प्रोटीनचा डबा विकायला देतो, तो गुरू नव्हे, घाऊक व्यापारी आहे.

मेसेज कसा करायचा? "सर गाईड करा" असा करू नका. हात जोडलेले सहा इमोजी आणि एकही माहिती नाही, काय उत्तर देणार माणूस? असं लिहा: 'क्लायंट ४८ वर्षांचा, बीपीची गोळी चालू, डॉक्टरांची परवानगी आहे. सहा आठवडे आठवड्याला तीन दिवस. बैठक २० किलोवर अडकली, पुढं गेलं की कंबर गोल होते. टाचेखाली फळी देऊन बघितली, थोडा फरक. पुढं काय बघू?' याला उत्तर येतं, कारण दोन मिनिटांत देता येतं. बदल्यात काय देणार तेही सांगा. सकाळच्या बॅचचं रजिस्टर, नवीन माणसांचं वॉर्मअप. मुदत ठरवा, आठ आठवडे. फुकट राबवून घेणं आणि शिकवणं यातला फरक आठ आठवड्यांत दिसतोच. नुसत्या प्लेटा उचलून ठेवत असाल तर तुम्ही शिष्य नाही, बिनपगारी पोऱ्या आहात.

शेवटचं, आटपाडीकडच्या एका ताईंनी विचारलंय: आमच्याकडं बाई ट्रेनर नाही, ऑनलाइन गुरू चालेल का? चालेल. फक्त व्हिडिओ नीट पाठवा. फोन कमरेच्या उंचीवर, स्टुलावर टेकवून, बरोबर बाजूनं. एक सेट बाजूनं, एक समोरून. पाय कापले जाऊ देऊ नका, टाच उचलते की नाही तिथंच कळतं. क्लायंटला आधी विचारा, आणि त्यांना चेहरा नको असेल तर फ्रेम मानेखाली घ्या. पहिला सेट पाठवू नका, शेवटचा पाठवा. चूक दमल्यावर दिसते.