शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण खातं कुठलं?

(सांगलीत बारावीच्या विद्यार्थी-पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

वाळवा, पलूस, कडेगावकडून आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आमच्या पोराला काय मिळेल?" उत्तर प्रवेश कुठून झाला यावर अवलंबून आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत लागतं आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून, झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही वाट बंद. खुल्या गटातल्या मुलाला शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. मुलींसाठी 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांत शिक्षण व परीक्षा शुल्काचा पूर्ण लाभ आहे, पण खासगी अभिमत विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. "मुलींना सगळं फुकट" एवढंच ऐकून कुठेही प्रवेश घेऊ नका. शिवाय मेसचं बिल आणि खोलीचं भाडं या शुल्कात धरलेलं नाही.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तलाठ्यांचा अहवाल ही त्याची पहिली पायरी. 31 मार्च उलटला की एप्रिलमध्येच सेतू केंद्रात अर्ज टाका, जूनमध्ये तिथे जत्रा असते. राखीव गटातून प्रवेश घेणार असाल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच केलेला बरा. नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदतही बघून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'रोहीत' आणि आधारवर 'रोहित' असेल तर आधी ते जुळवा. महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरला की तो कॉलेजच्या लिपिकाकडे जातो. त्रुटी निघाली तर परत तुमच्याच लॉगिनला येतो आणि तिथेच पडून राहतो. दर आठवड्याला उघडून बघा, नाहीतर "अजून मंजूर झाला नाही" म्हणत बसाल आणि अर्ज तुमच्याचकडे असेल.

पण सगळ्यांत जास्त पैसा अडतो तो खात्यापाशी. पालक सांगतात, "ऊसबिल येतं ते खातं दिलंय." शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या आधारवर येते, वडिलांच्या नाही. दुसरी चूक पतसंस्थेची. आपल्याकडे घरटी पतसंस्थेचं पासबुक आहे, पण पतसंस्था ही बँक नव्हे, त्या खात्यात थेट लाभ जमा होत नाही. तिसरी चूक हुशार माणसंही करतात. केवायसीला, म्हणजे बँकेतल्या ओळख पडताळणीला, आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं, असं समजतात. ते नुसतं नोंदीपुरतं. लाभासाठी बँकेला आधार सीडिंगचं, म्हणजे लाभासाठी आधार खात्याला जोडण्याचं, संमतीपत्र वेगळं द्यावं लागतं, मग बँक ती नोंद एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या यादीत चढवते. त्या यादीत एका आधारला एकच बँक, आणि ती सगळ्यांत शेवटी जोडलेली. म्हणजे कॉलेजात गेल्यावर नवं खातं काढलं, तिथे फॉर्मवर सही केली, तर पैसे नव्या खात्यात जातात आणि विद्यार्थी जुनं पासबुक भरून घेत बसतो. 'माय आधार' संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस उघडा, बँकेचं नाव दिसेल. केवायसीशिवाय उघडलेलं 'लहान खातं' असेल तर 50 हजारांपेक्षा जास्त शिल्लक त्यात राहत नाही. ते आधी पूर्ण केवायसीचं करून घ्या.

शिष्यवृत्तीने भागलं नाही तर कर्ज. बँकांच्या नमुना योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही. हप्ते अभ्यासक्रम संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. समजा चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला दर वर्षाच्या सुरुवातीला 1 लाख उचलले आणि सरळव्याजाचा दर 10 टक्के धरला. पहिल्या लाखावर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, मग दोन, मग एक, असं मिळून 1 लाख झालं. पुढच्या एका वर्षाचे 40 हजार. हप्ता सुरू होण्याआधीच 1 लाख 40 हजार व्याज! म्हणून झेपेल तर व्याज दरमहा भरत राहा. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि संस्था-अभ्यासक्रम निकषात बसत असेल तर या काळातलं व्याज केंद्राच्या योजनेतून मिळू शकतं, पण कर्ज त्या नमुना योजनेतलंच हवं. ओळखीवर पतसंस्थेतून उचललेल्या कर्जाला ही सवलत नाही.

इंजिनिअरिंगच करायला हवं असंही नाही. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिपमध्ये कारखान्याला विद्यावेतन द्यावंच लागतं, तसा 1961चा कायदा आहे. कॉलेजमध्ये असाल तर 'कमवा व शिका'बद्दल विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून ही कल्पना आपल्याच मातीतली आहे, तरी पोरं अर्ज करायला लाजतात.

अप्रेंटिसशिपच्या विद्यावेतनातला केंद्राचा वाटाही थेट खात्यात येतो. खातं तेच, सीडिंग झालेलं. आज घरी गेल्यावर एवढं एक बघाच.