पाणी चढलं, पुढे काय?

नमस्कार मंडळी.

'हवामान बदलाच्या आशादायी कथा' हा आजचा विषय मी आमच्या वाचक गटात सांगितला, तेव्हा एकीने लगेच विचारलं, "म्हणजे परीकथा का?" प्रश्न बोचरा होता, पण रास्त होता. या प्रकारातलं बरंचसं लेखन दोन टोकांना असतं. एकीकडे सगळं बुडालेलं आणि उरलेली माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली. दुसरीकडे गच्च्यांवर हिरवळ, पवनचक्क्या, सगळे हसतमुख, आणि हे सगळं झालं कसं याचा पत्ता नाही. पहिलं वाचून हातपाय गळतात, दुसरं वाचताना जांभया येतात. मला आवडतात त्या मधल्या कथा. त्यांत संकट टळत नाही, पण माणसं कामाला लागलेली असतात.

हवामान बदलावरच्या कथा-कादंबऱ्यांना 'क्लायमेट फिक्शन' म्हणतात. हे नाव अलीकडचं, पण गोष्ट जुनी आहे. बंगाली लेखिका रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. त्यात बायकांचं राज्य आहे. तिथल्या एका विद्यापीठातल्या स्त्रिया हवेतलं पाणी थेट ओढून घेणारा फुगा बनवतात, दुसऱ्या विद्यापीठातल्या सूर्याची उष्णता साठवायचं यंत्र. पुरुष त्यांची टिंगल करतात आणि स्वतः सैन्यबळ वाढवत बसतात. सिलिकॉनचा पहिला वापरण्याजोगा सौर घट अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत तयार झाला १९५४ साली, म्हणजे या कथेनंतर जवळपास पन्नास वर्षांनी. पण मला त्या यंत्रापेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ते यंत्र कोणाच्या हातात आहे, हे बाईंनी आधी ठरवलं होतं.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी हिमयुगावर कथा लिहिली. मुंबईत बर्फ पडतो, आणि शास्त्रज्ञ आधीपासून बजावत असतो ते कोणी मनावर घेतलेलं नसतं. शेवटी अग्निबाण सोडून वातावरणावरच इलाज करावा लागतो. कथा मला प्रिय आहे. तरी आज वाचताना एक शंका येते : इलाज सापडल्यावर पुढची वीस वर्षं तो चालवायचा कोणी? कथा तिथे थांबते. विज्ञानकथेची ही जुनी खोड आहे, उपाय सापडला की पडदा.

अमेरिकन विज्ञानकथाकार किम स्टॅनली रॉबिन्सन यांची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' ही २०२० सालची कादंबरी बरोबर उलटं करते. सुरुवातच उत्तर प्रदेशातल्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेने होते. उष्मा आणि दमटपणा असा जुळून येतो की घाम वाळतच नाही आणि शरीर थंड होऊ शकत नाही. ते प्रकरण मी एका बैठकीत वाचू शकलो नाही. त्यानंतर मात्र शेकडो पानं कसली, तर बैठका, मध्यवर्ती बँकांची मनधरणी आणि अंटार्क्टिकात हिमनद्यांखालचं पाणी उपसून त्यांचं घसरणं मंदावण्याची खटपट. काही प्रकरणं इतिवृत्तासारखी रटाळ आहेत, मी सरळ उलटली. त्यातल्या हिंसेचंही मला पटलेलं नाही. पण आशेला किंमत मोजावी लागते, हे तिथे दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, कथेत काय, काहीही होतं. मग न लिहिलेल्या दोन कथा सांगतो. पहिली ओझोनची, म्हणजे सूर्याची घातक किरणं अडवणाऱ्या वातावरणातल्या थराची. फ्रिज आणि स्प्रेमधल्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंचा या थराला असलेला धोका मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवला. अंटार्क्टिकावर या थराला पडलेलं छिद्र जगाला कळलं १९८५ मध्ये, आणि असे वायू बंद करण्याचा माँट्रियल करार झाला १९८७ मध्ये. आज जगातले सगळे देश त्यात आहेत, आणि ते छिद्र या शतकाच्या उत्तरार्धात, २०६६च्या आसपास, भरून येईल असा अंदाज आहे. नायक म्हणावा असा कोणी नाही. फ्रिज बनवणारे, वाटाघाटी करणारे, वर्षानुवर्षं मोजमाप घेणारे. कथाकाराच्या दृष्टीने अडचणच!

दुसरी बांगलादेशाची. १९७० च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. १९७२ पासून तिथे स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. वादळाची खबर आली की हातात भोंगा घेऊन दारोदार फिरायचं, निशाणं चढवायची, लोकांना आश्रयस्थानात न्यायचं. यातली बरीच आश्रयस्थानं एरवी शाळा असतात. २०२० च्या अंफान वादळात तिथले मृत्यू पन्नासच्या आत राहिले. दोन वादळं सारखी नसतात, हे मान्य. तरीही हा फरक नशिबाचा नाही. आता कल्पना करा : भोंगा घेतलेली बाई दारात उभी आहे, आतली म्हातारी म्हणते, "गाय सोडून मी येत नाही." वारा वाढतोय. यात कादंबरीला काय कमी आहे?

तर आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी अशा कथा हव्या आहेत. संपादनाचं काम माझ्या गळ्यात पडलंय, म्हणून अटी आधीच सांगतो. उपाय कोणताही चालेल : सौरऊर्जा, खारफुटी, पंखे, पाण्याची वाटणी. पण तो एकदा तरी बिघडला पाहिजे, आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाला कथेत नाव पाहिजे. त्या उपायापायी कोणाचं तरी नुकसान होत असेल, तर त्यालाही बोलू द्या. आणि शेवटची अट, यान बांधून दुसऱ्या ग्रहावर जायचं नाही. आपण सगळे एकदा घर सोडून, सामान बांधून इतक्या लांब आलोय, तेवढं पुरे.