आबा, चला घरी जाऊया

कोल्हापुरातल्या गंगावेशीतला दूध कट्टा. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात आणि वर बोटभर फेस. आमचे आबा कितीतरी वर्षं रोज इथं यायचे, शुक्रवार पेठेतलं आमचं घर इथून चालत पाच-सात मिनिटं. एक दिवस दूध प्यायले, मिशी पुसली आणि तिथंच उभे राहिले, कुठल्या बाजूला वळायचं तेच आठवेना. ओळखीच्या एकानं घरी आणून सोडलं आणि आम्ही काय म्हणालो, वय झालंय, चालायचंच.

हे 'चालायचंच' आम्ही जवळजवळ वर्षभर म्हणत बसलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बघा, दुधाचे पैसे द्यायचे राहून जाणं वेगळं आणि हातात नोट धरून किती सुट्टे परत यायचे हेच न कळणं वेगळं. भारतात साठीच्या पुढच्या 100 माणसांत साधारण 7 जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे प्रत्येक गल्लीत कुणीतरी असणारच, पण आपल्याकडं त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात.

डॉक्टरांनी आबांना कागद दिला, घड्याळ काढा म्हणाले. गोल छान काढला. मग बारापासून सहापर्यंतचे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं लिहिले, पुढचे कुठं लिहायचे म्हणून पेन हवेतच धरून बसले. ज्या माणसानं आयुष्यभर दुकानाचा हिशोब तोंडी केला त्याचं हे बघून वडील उठून बाहेर गेले.

डिमेन्शिया हा काही एकच आजार नाही. अल्झायमर सगळ्यात जास्त दिसतो, त्यात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी खराब होतो, म्हणून आबांना सकाळचा नाष्टा आठवत नाही पण तरुणपणी खासबागेत बघितलेली कुस्ती डावासकट सांगतात. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडूनही होतो, बीपी-शुगर वर्षानुवर्षं वाढलेली असली की तो धोका वाढतो.

आणि हे नीट ऐका, प्रत्येक विसरणं डिमेन्शिया नसतं. बी-12 कमी, थायरॉईड, डिप्रेशन, यांनीही माणूस विसरायला लागतो आणि त्यावर उपचार आहेत. एका-दोन दिवसांत अचानक बडबडायला लागला, माणसं ओळखेना झाला तर लघवीचं इन्फेक्शनसुद्धा असू शकतं, तेव्हा वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आबांचं बी-12 कमीच निघालं, इंजेक्शननं थोडी तरतरी आली, पण खाली अल्झायमर होताच. तो बरा करणारं औषध अजून नाही, गोळ्यांनी काहींना काही काळ आधार मिळतो एवढंच.

आईचं सांगायचं राहिलं. रात्री तीन-तीनदा उठून ती खचली होती, कुणाशी बोलायची नाही. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी मदत करणारा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तिथं पेशंटनंच बोलायला पाहिजे असं काही नाही, सांभाळणाऱ्यानंही बोलावं.

दिवस कलला की आबा दारात येतात. "मला घरी न्या." आधी आम्ही वाद घालायचो, अहो हेच घर तुमचं, मग ते चिडायचे, रडायचे. आता वडील चपला पुढं ठेवतात, "चला आबा", हात धरून गल्लीला एक फेरी मारतात, आणि परत त्याच उंबऱ्यावर येऊन म्हणतात, "आलं बघा घर." आबा आत येतात, चपला नीट जोडीनं ठेवतात आणि विचारतात, "दूध आणलंस न्हवं?"